कामावर बोटं गेली, आता वकिलाची फी कुठून आणायची? भरपाईच्या दाव्यात पहिल्यांदा पडणाऱ्यांसाठी

पुण्याजवळच्या एका पत्र्याच्या वर्कशॉपमध्ये माझ्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट पॉवर प्रेसखाली गेलं. डायमध्ये (साच्यात) अडकलेला जॉब (पत्र्याचा तुकडा) काढायला हात घातला आणि स्ट्रोक पडला. मशीनला सेन्सर होता, पण त्यानं प्रॉडक्शन मंदावतं म्हणून तो आधीच काढून कपाटावर ठेवलेला. आम्ही तिथं सगळे मिळून आठ जण.

दवाखान्यात सातव्या दिवशी एक माणूस खुर्ची ओढून शेजारी बसला. ‘वकीलसाहेबांकडून आलोय. तुम्ही एक रुपया काढायचा नाही. केस लागली की मिळेल त्यातले पंचवीस टक्के आमचे.’ हातावर बँडेज, खिशात दोनशे रुपये. मी डाव्या हातानं तीन कागदांवर सह्या केल्या, त्यातले दोन कोरे होते. त्या तीन सह्यांमधून बाहेर पडायला मला आठ महिने लागले. पुढचं सगळं त्यानंतर शिकलेलं आहे.

१. आधी बघा: वाट ईएसआयची की दाव्याची?

हे ठरल्याशिवाय कुठल्याही वकिलाला पैसे देऊ नका. ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा, पगारातून कापला जाणारा सरकारी विमा. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्यात पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर साधारणपणे ईएसआय लागू असतो. पगाराच्या स्लिपवर पाऊण टक्का कपात दिसते, तीच ती. विमा असेल तर कायमच्या अपंगत्वाचे पैसे ईएसआय महामंडळ देतं. मग त्याच अपघातासाठी मालकाकडून कर्मचारी भरपाई कायद्याखाली वेगळे पैसे मागता येत नाहीत. तरीही ‘मालकावर वेगळी केस टाकू’ म्हणून आगाऊ फी घेणारे भेटतात. अशी केस पहिल्या काही तारखांतच पडते आणि फी गेलेली असते.

ईएसआय नसेल तर वाट कर्मचारी भरपाई कायदा, १९२३ ची. जुनी माणसं याला अजून ‘वर्कमन कॉम्पेन्सेशन’ म्हणतात. अर्ज आयुक्तांकडे जातो. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कामगार न्यायालयाचे न्यायाधीशच आयुक्त म्हणून काम बघतात, म्हणून सगळे त्याला ‘लेबर कोर्ट’च म्हणतात. अपघातापासून दोन वर्षांत अर्ज करायचा. उशिराचं सबळ कारण असेल तर माफी मिळते, पण ती मागायला आणखी एक अर्ज लागतो आणि त्याचीही फी मोजावी लागते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे आणि तिनं या जुन्या कायद्याची जागा घेतली आहे. तिच्यात आयुक्तांच्या जागी ‘सक्षम प्राधिकारी’ आहे. म्हणून तुमचा अपघात त्या तारखेच्या आधीचा की नंतरचा, हे वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा आणि अर्ज कशाखाली करणार ते विचारा. माझी केस जुन्या कायद्याखाली चालली, त्यामुळे पुढची कलमं त्याच कायद्यातली आहेत.

गावाकडच्या मंडळींसाठी एक महत्त्वाची गोष्ट. अर्ज अपघात झाला त्याच जिल्ह्यात केला पाहिजे असं नाही. तुम्ही नेहमी राहता त्या भागातही करता येतो. अपघातानंतर काम सुटून तुम्ही लातूरला किंवा वाशिमला परत गेला असाल, तर प्रत्येक तारखेला पुण्याला येण्याचं भाडं आणि बुडालेली मजुरी वकिलाच्या फीपेक्षा जड जाते. आधी हा हिशोब मांडा, मग कोर्ट ठरवा.

२. वकिलाकडे जाण्याआधी पिशवी भरा

कागद हातात असले की फी कमी होते, हे मला दुसऱ्या वकिलांनी स्वतः सांगितलं. कागद शोधण्यासाठी त्यांच्या कारकुनाला पळावं लागलं नाही, तर ते पैसे तुमचे वाचतात.

- दवाखान्याचा केसपेपर, डिस्चार्ज कार्ड आणि एमएलसीचा कागद (अपघाताचा पेशंट आला की दवाखाना पोलिसांना कळवतो, त्याची नोंद)
- औषधांची, ड्रेसिंगची, एक्स-रेची सगळी बिलं. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानं द्यायचा असतो
- पोलिसांचा जबाब किंवा पंचनामा झाला असेल तर त्याची नक्कल
- पगाराचा पुरावा: स्लिप, बँकेचा उतारा, पीएफचं पासबुक
- तिथं काम करत होता याचा पुरावा: गेटपास, ओळखपत्र, हजेरी कार्डाचा फोटो, सुपरवायझरचे व्हॉट्सॲप मेसेज
- वयाचा दाखला, आधार, बँक पासबुक
- जखमेचे फोटो, तारीख दिसतील असे

पगार रोखीत मिळत असेल तर घाबरू नका. मला अर्धा पगार बँकेत आणि अर्धा पाकिटात मिळायचा. पाकिटाच्या अर्ध्यासाठी सुपरवायझरचा ‘१४ चा हिशोब झाला, येऊन घेऊन जा’ (१४ म्हणजे चौदा हजार) हा एक मेसेज कामी आला. फोन बदलण्याआधी असे मेसेज वाचवून ठेवा.

कारखाना निरीक्षकांनी अपघाताची चौकशी केली असेल, तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडून तो अहवाल माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाला दहा रुपये लागतात. हे काम वकिलाकडून करून घेऊन हजार रुपये मोजणारा एक जण मला कोर्टाच्या बाकावर भेटला होता.

३. रक्कम स्वतः काढा

फी योग्य आहे की नाही हे कळायला आधी दावा किती रुपयांचा आहे ते कळलं पाहिजे. हिशोब चौथी-पाचवीच्या गणिताइतका सोपा आहे.

कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी मासिक पगाराचे ६० टक्के गुणिले वयाचा गुणांक. मृत्यू झाला असेल तर ६० ऐवजी ५० टक्के. ३ जानेवारी २०२० पासून हिशोबात पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात, प्रत्यक्षात तुम्हाला बावीस हजार मिळत असले तरी. गुणांक कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत दिलेला आहे: वय २५ असेल तर २१६.९१, ३० असेल तर २०७.९८, ४० असेल तर १८४.१७. अपंगत्व अंशतः असेल तर पहिल्या अनुसूचीतली टक्केवारी लावायची. एका हाताची दोन बोटं गेली तर २० टक्के, अंगठा गेला तर ३०, चारही बोटं गेली तर ५०.

माझं वय ३४, पगार १४,०००. १४,००० चे साठ टक्के ८,४००. चौतिसाव्या वर्षाचा गुणांक १९९.४०. गुणाकार १६,७४,९६०. त्याचे वीस टक्के ३,३४,९९२ रुपये.

आता त्या दवाखान्यातल्या माणसाचे पंचवीस टक्के काढा. ८३,७४८ रुपये होतात. आणि ते नुसत्या मूळ रकमेवर. व्याजातूनही त्यांनी पाव हिस्सा नेला असता.

व्याज विसरू नका. अपघात झाला त्याच दिवशी भरपाई देय होते, हे सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्येच सांगून ठेवलंय. एका महिन्यात मालकानं पैसे दिले नाहीत तर वर्षाला १२ टक्के व्याज लागतं आणि कारण नसताना टाळाटाळ केली तर मूळ रकमेच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही. दंड कामगारालाच मिळतो. मालकानं विमा घेतला असेल तर विमा कंपनी मूळ रक्कम आणि व्याज भरते, दंड मात्र मालकाच्या खिशातून जातो. म्हणूनच दंडाचा मुद्दा निघाला की मालक मंडळी अचानक फोन उचलायला लागतात.

त्याच १९७५ च्या निकालात आणखी एक कामाची गोष्ट आहे. एका सुताराचा डावा हात गेला होता. अनुसूचीत त्याची टक्केवारी शंभरपेक्षा कमी होती, पण एका हातानं सुतारकाम होत नाही म्हणून ते पूर्ण अपंगत्व धरलं गेलं. तुमच्या जखमेनं तुमचं नेमकं काम बंद पडलं असेल तर वकिलाला हे विचारा. दिव्यांग प्रमाणपत्रावरची टक्केवारी आणि कमाईची ताकद किती गेली याची टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अनुसूचीत नसलेल्या जखमेसाठी दुसरी टक्केवारी डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते.

४. फुकट वकील तुमचा हक्क आहे का ते तपासा

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कुणाला मिळतो त्याची यादी आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, दिव्यांग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार हे सगळे त्यात आहेत. या गटांना उत्पन्नाची अट नाही. घरकाम करणारी बाई मोलकरीण म्हणून नाही तरी महिला म्हणून बसते. अपघातात हात गेलेला माणूस कामगार म्हणूनही बसतो आणि दिव्यांग म्हणूनही. यातल्या कशातच न बसणाऱ्यांसाठी उत्पन्नाची मर्यादा असते.

जायचं कुठं? जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती. फोन करायचा असेल तर १५१००, पैसे पडत नाहीत. साध्या कागदावर अर्ज, सोबत ओळखपत्र आणि तुम्ही कामगार असल्याचा कागद. खिडकीवर कधी कधी ‘तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा’ म्हणतात. तेव्हा भांडू नका. ‘मी औद्योगिक कामगार म्हणून अर्ज करतोय, उत्पन्नाच्या गटातून नाही’ एवढं अर्जातच लिहा आणि पोच घ्या.

मदत म्हणजे फक्त वकील नव्हे. न्यायालयीन शुल्क, टायपिंग, नकला, साक्षीदारांचा खर्च हेही त्यात येतं. पॅनेलवरच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या यादीतल्या, वकिलांना फी प्राधिकरण देतं. त्यांनी तुमच्याकडून ‘चहापाण्याला’सुद्धा काही घ्यायचं नसतं. मागितलं तर त्याच ऑफिसात लेखी कळवा आणि दुसरा वकील मागा, मिळतो.

माझं प्रामाणिक मत सांगतो. पॅनेलवर मन लावून काम करणारे वकील आहेत, आणि तुमचं नावही लक्षात न ठेवणारेही आहेत. वकील कोण मिळतो यापेक्षा तुम्ही त्यांना दर तारखेच्या दोन दिवस आधी भेटता का, यावर जास्त अवलंबून असतं. खासगी वकिलांच्या बाबतीतही हेच खरं आहे.

वकिलाशिवायही चालतं का? कायदा म्हणतो, चालतं. नोंदणीकृत कामगार संघटनेचा पदाधिकारी तुमच्या लेखी अधिकारपत्रावर तुमच्या वतीनं उभा राहू शकतो. लिहिता-वाचता येत नसेल आणि तुम्ही मागणी केली, तर अर्ज आयुक्तांच्या देखरेखीखाली लिहून घ्यायचा असतो. पण मालकाकडून आणि विमा कंपनीकडून सराईत वकील येतात. उलटतपासणीत ‘सेन्सर तुम्हीच काढला होता ना?’ असा प्रश्न आला की एकटा माणूस गडबडतो. हा प्रश्न साधा नाही. कामगारानं स्वतः मुद्दाम सुरक्षेचं साधन काढलं असं ठरलं, तर मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व वगळता भरपाईच जाऊ शकते. नुसता निष्काळजीपणा मात्र भरपाई अडवत नाही. हा फरक मांडायला जाणता माणूस बरोबर असावा.

५. खासगी वकील करायचा तर फी अशी ठरवा

टक्केवारीचं आधी मिटवू. भारतात वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही आणि मिळालेल्या रकमेत वाटाही घेता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतच ते लिहिलंय. अमेरिकेत चालतं म्हणून सिनेमात दिसतं, इथं तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. शिवाय भरपाई कायद्याच्या कलम ९ नुसार भरपाईची रक्कम दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, तिच्यावर बोजा चढवता येत नाही आणि ती जप्तही होत नाही. म्हणजे ‘पाव हिस्सा वकिलाचा’ असं लिहून दिलेलं असलं तरी त्या कागदाच्या जोरावर कुणी तुमच्या पैशाला हात लावू शकत नाही.

तरी टक्केवारी सर्रास चालते, कारण खिसा रिकामा असतो आणि ‘आत्ता काही देऊ नका’ हे शब्द गोड लागतात. मी कुणाला नावं ठेवत नाही, मीही सह्या केल्याच. पण रिकाम्या खिशाला दुसरा उपाय आहे. फी ठरलेली ठेवा आणि ती टप्प्यांत द्या.

माझ्या दुसऱ्या वकिलांशी झालेला हिशोब देतो. हा दर नाही, नुसता नमुना आहे. शहर आणि वकील बदलला की आकडा बदलतो.

- नोटीस, अर्ज तयार करून दाखल करणे: ८,०००
- माझी साक्ष, डॉक्टरांची साक्ष, मालकाच्या साक्षीदाराची उलटतपासणी: १०,०००
- युक्तिवाद आणि निकाल: ७,०००

एकूण २५,००० आणि कोर्टाचा प्रत्यक्ष खर्च वेगळा, पावतीवर. मधे मला दोन महिने काम नव्हतं, तेव्हा दुसरा हप्ता पुढे ढकलला. फी उशिरा देणं वेगळं आणि फी निकालाला टांगणं वेगळं. पहिल्यात काही गैर नाही.

हे सगळं एका पानावर लिहून घ्या. आम्ही लिहिलं ते असं: ‘कर्मचारी भरपाईच्या अर्जात निकालापर्यंतची एकूण फी रुपये पंचवीस हजार. टप्पे वरीलप्रमाणे. टायपिंग, नकला, साक्षीदार भत्ता अर्जदार पावतीप्रमाणे देईल. वसुली आणि उच्च न्यायालयातील अपील यांची फी वेगळी ठरेल. भरपाईची रक्कम थेट अर्जदाराच्या बँक खात्यात जाईल.’ खाली दोघांच्या सह्या, तारीख. वकील म्हणाले, ‘असा कागद मागणारे तुम्ही पहिलेच.’ पण सही केली. जे वकील सही करायला नाही म्हणतील, त्यांच्याकडून उठून यायला हरकत नाही.

पहिल्या भेटीत विचारायच्या चार गोष्टी: याआधी भरपाईचे अर्ज चालवलेत का, की नुसती फौजदारी आणि जमिनीची कामं करता? तारखेला तुम्ही स्वतः येणार की ज्युनिअर? विमा कंपनीला पक्षकार करणार का? ठेकेदाराकडून काम मिळालं असेल तर मूळ मालकालाही घेणार का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असायला हवं. भरपाई कायद्याच्या कलम १२ मुळे मूळ मालकही जबाबदार धरता येतो, आणि ठेकेदार बऱ्याचदा तोवर फोन नंबर बदलून बसलेला असतो.

६. वकीलपत्र वाचल्याशिवाय सही नाही

वकीलपत्र म्हणजे वकिलाला तुमच्या वतीनं उभं राहायचा अधिकार देणारा कागद. तो छापील असतो, बारीक अक्षरात. त्यात बहुतेक वेळा एक ओळ असते की वकिलाला तुमच्या वतीनं कोर्टातून पैसे काढण्याचा आणि तडजोड करण्याचा अधिकार आहे. माझ्या दुसऱ्या वकीलपत्रात ती ओळ आम्ही पेनानं खोडली आणि शेजारी छोटी सही केली. इंग्रजीत असेल तर मुलीला, पुतण्याला, कुणालाही वाचायला लावा.

देऊ नयेत अशा गोष्टी: कोरे कागद, कोरे स्टॅम्पपेपर, सही केलेले कोरे चेक, एटीएम कार्ड, मूळ पासबुक. ‘शेवटी पैसे काढायला लागतात’ असं सांगून चेक मागतात. लागत नाहीत. दवाखान्याचे मूळ कागद कोर्टात दाखल करावे लागतात, पण त्याआधी रंगीत झेरॉक्स काढा आणि कुठला मूळ कागद कुणाला कधी दिला ते लिहून ठेवा.

७. वही ठेवा

शंभर पानी वही. डावीकडं तारीख आणि कोर्टात काय झालं, उजवीकडं किती पैसे कुणाला दिले. फी शक्यतो बँकेतून किंवा यूपीआयनं द्या, रोख दिली तर पावती घ्या. माझ्या वहीत तीन वर्षांत एकोणचाळीस तारखा आहेत. त्यातल्या सतरा वेळा ‘पुढची तारीख’ एवढंच लिहिलंय. कायदा म्हणतो अर्ज तीन महिन्यांत निकाली काढावा. त्यावर फार हसू नका, पण लांबणारी तारीख दिसली की वकिलाकडून त्या तरतुदीची आठवण अर्जातून करून द्यायला लावा.

या वहीचा खरा उपयोग शेवटी होतो. कलम २६ प्रमाणे दाव्याचा खर्च समोरच्याकडून देववण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. अर्जाच्या मागण्यांमध्ये ‘अर्जाचा खर्च’ ही ओळ असलीच पाहिजे, आणि युक्तिवादाच्या वेळी पावत्यांची यादी जोडली पाहिजे. पूर्ण फी परत मिळेल अशी आशा धरू नका. मला डॉक्टरांच्या साक्षीचा खर्च आणि वर पाच हजार मिळाले. यादी दिली नसती तर तेही मिळाले नसते.

८. वकील बदलायचा असेल तर

माझा पहिला वकील कागद देईना. ‘आधी माझे पंचवीस हजार टाका’ म्हणाला, तेव्हा अर्जही दाखल झालेला नव्हता. सर्वोच्च न्यायालयानं २००० सालीच सांगितलंय की फी राहिली म्हणून वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. मी रजिस्टर्ड पोस्टानं पत्र पाठवलं: तुमचं वकीलपत्र रद्द करतोय, माझे कागद सात दिवसांत द्या, कोऱ्या कागदांवरच्या माझ्या सह्या कुठंही वापरू नयेत. पत्राची नक्कल आणि पोस्टाची पावती जपून ठेवली. पाचव्या दिवशी कारकुनानं पिशवी आणून दिली. कोरे कागद मात्र नव्हते, म्हणून ते पत्र अजूनही माझ्या फाईलमध्ये सगळ्यात वर आहे.

न दिल्यास तक्रार महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे करायची. ग्राहक मंचात जाऊन उपयोग नाही. मे २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर वकिली सेवा ग्राहक कायद्यात बसत नाही.

९. मधेच मालक पाकीट घेऊन आला तर

येतोच. माझ्याकडे पन्नास हजार आणि स्टॅम्पपेपर घेऊन आले होते, सोबत गावाकडचा ओळखीचा माणूस. कागदावर ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही.’ भरपाईचा हक्क सोडून देणारा असा करार कलम १७ प्रमाणे रद्दच ठरतो. तडजोड करायचीच तर कराराची नोंद आयुक्तांकडे व्हावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंद नाकारू शकतात. नोंद न करता दिलेले पैसे मालकाला नंतर पूर्ण वळतेही करता येत नाहीत. आयुक्तांनी वेगळं सांगितलं नाही तर जास्तीत जास्त निम्मे.

लोकअदालतीत मिटवलं तर फी वाचते आणि पैसे लवकर येतात. पण तिथल्या निवाड्यावर अपील नाही. तिसऱ्या भागात काढलेला आकडा खिशात ठेवूनच तिथं बसा. आणि ‘आज मिटवा, माझी राहिलेली फी यातूनच द्या’ असं तुमचाच वकील घाईनं म्हणायला लागला, तर पाणी प्यायला म्हणून बाहेर या आणि घरी फोन लावा.

१०. निकाल लागला, पैसे अजून लांब आहेत

निकालाच्या दिवशीच नक्कल मागणीचा अर्ज द्या. मालकाला अपील करायला साठ दिवस असतात, आणि भरपाईची रक्कम आधी जमा केल्याशिवाय त्याचं अपील घेतलं जात नाही. अपील झालंच तर उच्च न्यायालयातही मोफत वकिलाची सोय आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गच्या लोकांना ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या.

मालकानं पैसे भरलेच नाहीत तर जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते, म्हणजे प्रकरण कलेक्टर कचेरीत जातं. हे काम वकिलाच्या मूळ फीमध्ये धरलेलं नसतं. वसुलीसाठी अर्ज कोण करणार, किती घेणार, हे निकालाच्याच आठवड्यात ठरवा.

रक्कम जमा झाली की काढण्यासाठी तुमचा अर्ज, ओळखपत्र आणि पासबुकाची पहिली पानं लागतात. पैसे थेट तुमच्या खात्यात मागा. आणि इथं मी अडकलो ते सांगतो. दोन बोटं गेल्यावर माझी सही बदलली. पेन आता अंगठा आणि अनामिकेत धरतो, ‘र’ला शेपूट येत नाही. कोर्टातल्या कागदांवर नवी सही, आणि बँकेत अकरा वर्षांपूर्वीची, पाची बोटांची. खात्यात आलेले पैसे काढायला गेलो तर काउंटरवरच्या मॅडम चेक उलटसुलट करून बघत राहिल्या. सही जुळत नाही. त्यात बारा दिवस गेले. तुमच्या हाताला लागलं असेल तर डिस्चार्ज मिळाल्या मिळाल्या बँकेत जा, डिस्चार्ज कार्ड दाखवा आणि नव्या सहीचा नमुना देऊन या.